साठ दिवसांचा हिशेब

66, 59, 61, 61, 61, 46, 71, 73, 62, 60. उत्तर आयर्लंडमधल्या मेझ तुरुंगात 1981 साली मे ते ऑगस्ट या काळात दहा कैदी आमरण उपोषणात गेले. त्यांपैकी प्रत्येकजण अन्नावाचून किती दिवस जगला, त्याचे हे आकडे. सगळे ऐन तारुण्यातले, एकाच तुरुंगातले, फक्त पाणी आणि मीठ घेणारे. मग बहुतेक जण साठाव्या दिवसाच्या आसपास का गेले आणि एकजण 46व्याच दिवशी का?

आधी भांडण कशावरून होते ते पाहू. ब्रिटिश सत्ता झुगारून आयर्लंड एक करू पाहणाऱ्या प्रजासत्ताकवादी कैद्यांना 1972 मध्ये उपोषणाच्याच दबावामुळे ‘विशेष वर्गा’चा, म्हणजे राजकीय कैद्यासारख्या वागणुकीचा, दर्जा मिळाला होता. मार्च 1976 नंतरच्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सरकारने तो बंद केला. तुरुंगाचा गणवेश घालणे म्हणजे आपण साधे गुन्हेगार आहोत हे कबूल करणे, म्हणून कैदी अंगावर नुसते ब्लँकेट घेऊन राहिले. 1978 पासून त्यांनी आंघोळ सोडली, कोठडीच्या भिंती स्वतःच्या विष्ठेने माखल्या. 1980 चे पहिले उपोषण 53 दिवसांनी थांबले, पदरात मात्र काही पडले नाही. 1 मार्च 1981 रोजी बॉबी सँड्सने दुसरे उपोषण सुरू केले. उपोषण चालू असतानाच, 9 एप्रिलला, तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर तरीही हटल्या नाहीत. 5 मेला सँड्स गेला, तेव्हा तो 27 वर्षांचा होता.

आता शरीराकडे वळू. यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. मेंदूला मात्र रोज जवळजवळ 120 ग्रॅम ग्लुकोज हवे असते आणि चरबीपासून ते फारसे बनत नाही. म्हणून सुरुवातीला शरीर स्नायू मोडून त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करते. हे असेच चालू राहिले असते तर माणूस दोन-तीन आठवड्यांतच संपला असता. पण काही दिवसांत यकृत चरबीपासून कीटोन हे पर्यायी इंधन तयार करू लागते आणि हळूहळू मेंदूही ते जाळायला शिकतो. अमेरिकन वैद्यकीय संशोधक जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये दाखवून दिले, की दीर्घ उपोषणात मेंदूची निम्म्याहून जास्त गरज कीटोनवरच भागते. त्यामुळे स्नायूंची झीज मंदावते, उपोषणकर्त्याची भूकही बरीच मरते.

आता गणित सोपे होते. सडपातळ तरुणाच्या अंगात दहा किलो चरबी धरली, तर तिच्यातून 90 हजार किलोकॅलरी मिळतात. पडून असलेल्या, चयापचय मंदावलेल्या शरीराला रोज दीड हजाराच्या आसपास लागतात. भागाकार केला की उत्तर साठ येते! हा ढोबळ अंदाज आहे, कारण सगळी चरबी वापरता येत नाही आणि थोडी ऊर्जा प्रथिनांतूनही मिळते. चरबी संपत आली की पुन्हा स्नायूंची पाळी येते. त्यात हृदयाचा स्नायूही आला. निर्धार सगळ्यांचाच पक्का होता. दिवस ठरवले ते मुख्यतः अंगावरच्या चरबीने. स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरी या 200 किलोंहून जास्त वजनाच्या माणसाने 1965-66 मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली 382 दिवस अन्न घेतले नाही आणि तो जगला. त्याला जीवनसत्त्वे मात्र दिली जात होती.

हा फरक मोठा आहे. ‘बी-1’ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व शरीरात जेमतेम काही आठवड्यांपुरतेच साठते. ते संपले की तोल आणि डोळ्यांच्या हालचाली सांभाळणारा मेंदूचा भाग बिघडतो. मेझमधल्या उपोषणकर्त्यांना साधारण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास हाच त्रास झाला: बुबुळे थरथरणे, एकाचे दोन दिसणे, भोवळ, सतत उलट्या. पुढे नजरही जाऊ लागली. 46व्या दिवशी गेलेल्या मार्टिन हर्सनच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हते. चरबीचा हिशेब पुरा होण्याआधीच त्याचा शेवट झाला.

लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास 1929 मध्ये उपोषणाच्या 63व्या दिवशी गेले. त्यांच्या उपोषणाच्या मुळाशीही राजकीय कैद्यासारखी वागणूक मिळावी हीच मागणी होती. पण त्यांचा आकडा या गणितात बसवू नये. त्यांना बळजबरीने अन्न भरवण्याचा प्रयत्न झाला होता आणि त्यात त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली होती. मेझमध्ये तसे झाले नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने 1975 मध्येच टोकियोत ठरवले होते, की कैदी शुद्धीवर आणि समजून-उमजून नकार देत असेल तर डॉक्टरांनी त्याला बळजबरीने भरवू नये.

कैदी बेशुद्ध झाल्यावर मात्र निर्णय नातेवाइकांच्या हाती येई. जुलैअखेरपासून काही आया-बायकांनी उपचारांना होकार दिला आणि 3 ऑक्टोबरला उपोषण थांबले. तीनच दिवसांनी स्वतःचे कपडे घालण्याची मुभा जाहीर झाली.

इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाला वाचवणेही जोखमीचे असते. एकदम साखर दिली तर इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट पेशींमध्ये खेचले जाते आणि हृदय बंद पडू शकते. उरलेसुरले थायमिनही ती साखर जाळण्यातच खर्ची पडते. म्हणून अशा रुग्णाला आधी बी-1 देतात, मग थोडे थोडे अन्न.