परिचर्या विद्यार्थ्यांचे व्यावसायिक स्थित्यंतर : बेळगाव सीमाभाग

नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणीकृत परिचारिका किंवा परिचारक म्हणून स्वतःच्या सहीवर काम करू लागण्यापर्यंतचा काळ. निकाल लागला की हा काळ संपतो असा घरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपपासून नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत चालतो. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील मराठी पट्ट्यात, म्हणजे बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि लगतच्या गावांत, या काळाला भाषेचा एक जास्तीचा पदर आहे. पुस्तक इंग्रजी, सरकारी कागद कन्नड आणि खाटेवरचे दुखणे मराठी, कन्नड, उर्दू किंवा कोकणी. या सगळ्यांचा मेळ घालणे कुठल्याच अभ्यासक्रमात विषय म्हणून नाही, पण पहिल्या रात्रपाळीला परीक्षा त्याचीच होते.

मराठीत या व्यवसायाला ‘परिचर्या’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘शुश्रूषे’. दोन्ही शब्द संस्कृतातले. परिचर्या म्हणजे भोवती वावरणे, सेवा करणे. शुश्रूषा हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. सीमाभागातल्या कामाचे वर्णन करायला दुसरा शब्द अधिक नेमका आहे, आणि तो मराठीतही घरचाच आहे.

शिक्षणाच्या वाटा तीन. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.ला 2021-22 पासून सत्र पद्धत आली. आठव्या सत्रात 22 आठवड्यांची, आठवड्याला 48 तासांची इंटर्नशिप असते. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षातही इंटर्नशिपचा भाग आहे. राज्यातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला (स्थापना 1996) संलग्न आहेत. बेळगावात 1916 साली सुरू झालेल्या केएलई संस्थेचे स्वतःचे अभिमत विद्यापीठ 2006 पासून आहे. नेहरूनगरमधील तिचे मोठे रुग्णालय आणि शहरातले सिव्हिल ही सरावाची मुख्य ठिकाणे. चंदगड तालुका महाराष्ट्रात असला तरी तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते, त्यामुळे वॉर्डात पेशंटही तिकडचे असतात आणि विद्यार्थीही. निपाणीचे उलटे आहे. जिल्हा बेळगाव, पण कोल्हापूर हाकेच्या अंतरावर.

या स्थित्यंतराचा अभ्यास प्रथम अमेरिकेत झाला. मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्ये ‘वास्तवाचा धक्का’ ही कल्पना मांडली. शाळेत शिकवलेली आदर्श परिचर्या आणि वॉर्डातली घाईची परिचर्या यांतली दरी पाहून नवी परिचारिका आधी भारावते, मग खचते, चिडते आणि नंतर हळूहळू सावरते, असा तिचा क्रम त्यांनी दाखवला. पॅट्रिशिया बेनर यांनी 1982 मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या. एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षे काढली की परिचारिका तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आपल्या कामाचा क्रम स्वतः लावण्याइतकी सक्षम होते, असे त्यांचे निरीक्षण आहे. हा हिशेब इथेही पटतो, पण एक अडचण आहे. लहान खासगी दवाखान्यात फ्रेशरला एका वॉर्डात टिकूच देत नाहीत. आज कॅज्युअल्टी, उद्या ओटी (शस्त्रक्रियागृह), परवा लेबर रूम, आणि मध्येच बिलिंगच्या खिडकीवर. शिकायला खूप मिळते असे यावर सांगितले जाते. ते खोटे नाही, पण कशातच मुरायला मिळत नाही हेही तितकेच खरे.

वॉर्डातला धक्का मोठ्या प्रसंगांत कमी आणि बारीक गोष्टींत जास्त बसतो. सलाइनचे गणित घ्या. 500 मिली आठ तासांत द्यायचे, सेट एका मिलीला 20 थेंबांचा, तर मिनिटाला साधारण 21 थेंब. परीक्षेत हे सगळ्यांना येते. वॉर्डात घड्याळ भिंतीच्या दुसऱ्या टोकाला असते, पेशंटचा हात कोपरात वाकलेला असतो, आणि मुलगी 15 सेकंदांत पाच थेंब मोजून चाक फिरवायला शिकते. दहा मिनिटांनी पेशंट कुशीवर वळला की गणित पुन्हा पहिल्यापासून. इन्शुलिनमध्ये धोका अधिक. आपल्याकडे मिलीला 40 युनिटची आणि 100 युनिटची अशी दोन्ही औषधे चालतात. 40 च्या सिरिंजला लाल टोपण, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 100 ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली आणि दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर पेशंटला 10 नव्हे, 25 युनिट जातात. उलट गाठ पडली तर 10 ऐवजी चारच. अनुभवी सिस्टर टोपणाचा रंग न बोलता बघते. नवीने तो मोठ्याने म्हणावा, अशी एखाद्या जुन्या इनचार्जची शिस्त असते. सुरुवातीला त्याचे हसू येते.

तसेच मॅग्नेशियम सल्फेटचे. गरोदरपणात झटके आलेल्या बाईला हे औषध देतात, आणि पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 तरी आहेत का, आणि लघवी तासाला 30 मिली तरी झाली आहे का. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मिनिटा-दोन मिनिटांत कळतात. तिसरीसाठी चार तासांपूर्वी पिशवी रिकामी करून आकडा लिहिलेला असावा लागतो. म्हणजे रात्री बाराच्या डोसचा निर्णय खरे तर आठ वाजता, पाळी बदलताना झालेला असतो. नव्या मुलीला चार्ट म्हणजे कागदकाम वाटते. असा एक प्रसंग आला की ते मत बदलते.

भाषेचा प्रश्न याच कागदावर उभा राहतो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला कन्नड वाचता येते, कारण शाळेत तो विषय असतो. पण पुस्तकी ‘नोवू’ म्हणजे दुखणे हे तिला ठाऊक असते, आणि गोकाककडची बाई ‘ब्यानी’ म्हणते. बोलीतला हा शब्द दुखण्यालाही चालतो आणि बाळंतपणाच्या कळांनाही. पोट धरून बसलेल्या बाईच्या तोंडी तो आला की तारखेची चौकशी आधी करावी लागते. चिक्कोडी-रायबागकडून आलेल्या कन्नड मुलीची गत मराठी आजीपुढे तीच होते. ‘पोटात दुखालंय’ हे तिला कळते. पण ठणका, चमक, कळ, मुरडा आणि जळजळ यांत फरक आहे, आणि तो फरक निदानाचा आहे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते. मुरडा म्हटले की आतड्याकडे लक्ष जाते. छातीतली ‘जळजळ’ ऐकून अॅसिडिटीची गोळी देऊन मोकळे होण्याआधी ईसीजी काढलेला बरा. ‘अंगावर काढलं’ हा शब्दप्रयोग तर चार्टवर उतरतच नाही. त्यात ताप किती दिवसांचा आहे याचे उत्तर असते, आणि घरची परिस्थितीही असते.

सर्वांत बोलके उदाहरण सर्पदंशाचे. खानापूर तालुका पावसाचा, भाताचा आणि जंगलाचा. जांबोटी, कणकुंबीकडून पावसाळ्यात असा पेशंट आला तर नातेवाईक ‘साप’ हा शब्द सहसा उच्चारत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात, नाहीतर ‘जनावर चावलं’. कन्नड खेड्यात ‘हुळ मुट्टैती’ म्हणतात, शब्दशः किडा शिवला. रात्री सापाचे नाव घेऊ नये, ही समजूत दोन्ही भाषांत सारखी. आता ‘जनावर चावलं’ ऐकून शहरात वाढलेल्या फ्रेशरने केसपेपरवर प्राणीदंश असे लिहिले, तर पेशंट कुत्रा चावल्याच्या रांगेत जाऊन बसतो आणि रेबीजच्या लसीची वाट बघतो. मोलाचा वेळ जातो.

शब्द बरोबर ऐकला तर पुढचे काम ठरलेले आहे. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, 20 मिनिटे न हलवता उभे ठेवायचे आणि मग एकदा तिरके करून बघायचे. गुठळी झाली नसेल तर विष रक्तात भिनले आहे. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगले रक्तही गोठत नाही. हे 20 मिनिटे ‘न हलवता’ फार अवघड असते. नातेवाईक ट्रेभोवती जमतात, कोणीतरी नळी उचलून उजेडात धरते. तिथे नव्या सिस्टरला नळीही सांभाळायची असते आणि माणसेही, आणि तेही त्यांच्याच बोलीत. ‘मामा, हात लावू नका, अजून धा मिनिटं हाईत’ हे वाक्य प्रोसिजर मॅन्युअलमध्ये नसते. प्रतिविष सुरू केल्यावर अंगावर गांधी उठतात का, श्वास घरघरतो का, हे बघत अॅड्रेनलिन हाताशी भरून ठेवायचे, हा भाग पुस्तकात आहे आणि तो बहुतेकींना येतो.

नोकरीचा भाग सीमेमुळे आणखी गुंतागुंतीचा होतो. नोंदणी राज्य परिषदेकडे होते. कर्नाटकाचा परिचर्या कायदा 1961 चा, महाराष्ट्राचा 1966 चा, आणि दोन्हींवर 1947 च्या कायद्याने आलेली भारतीय परिचर्या परिषद. त्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने 2023 मध्ये मंजूर केला. बेळगावात शिकून कर्नाटकात नोंदणी झालेल्या चंदगडच्या मुलीला गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात नोकरी करायची तर ना-हरकत दाखला काढून महाराष्ट्राच्या परिषदेत पुन्हा नोंद करावी लागते. अंतर बसच्या दोन तासांचे, कागदाचे काही महिन्यांचे. कर्नाटक सरकारच्या भरतीत उतरायचे तर दहावीला कन्नड नसलेल्या उमेदवाराला कन्नडची सक्तीची परीक्षा द्यावी लागते. मराठी घरांत हा विषय निघाला की बोलणे नर्सिंगवरून 1956 च्या राज्य पुनर्रचनेवर आणि महाजन आयोगावर जाते. ती जखम खरी आहे. पण विशीतल्या मुलीपुढचा हिशेब वेगळा असतो. कन्नड पक्की झाली तर सिव्हिल, तालुका रुग्णालय आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची उपकेंद्रावरची जागा, तिन्ही दारे उघडतात. 2018 नंतर आलेले हे शेवटचे पद बी.एस्सी. झालेल्यांसाठी मोठी संधी ठरले, कारण तिथे पहिल्यांदाच गावाची रक्तदाब-मधुमेहाची यादी परिचारिकेच्या स्वतःच्या हाती येते.

योजनांचे कागद हेही सीमाभागातल्या सिस्टरचेच काम. एका पेशंटकडे आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचे कार्ड, शेजारच्या खाटेवर महाराष्ट्राचे रेशनकार्ड. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करायचे ठरवले आणि त्यावर कर्नाटकातून तीव्र प्रतिक्रिया आली. राजकारण वर चालते. कोणता कागद कुठे चालेल हे नातेवाईक विचारतात ते मात्र वॉर्डातल्या टेबलावर, ‘सिस्टर, ह्ये हितं चालतंय का बघा की’ असे म्हणत.

पगाराबद्दल लिहिताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये, आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके द्यावे. शिफारस शिफारसच राहिली. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, सोडताना बाँडचे पैसे मागणे हे प्रकार देशभर लहान-मोठ्या ठिकाणी चालत आले आहेत. कोविडमध्ये याच मुलींची आठवण झाली. 3 मे 2021 च्या निर्णयाने बी.एस्सी. आणि जीएनएम उत्तीर्ण परिचारिकांना पूर्णवेळ कोविड ड्यूटीवर घेण्याची मुभा मिळाली आणि 100 दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्याचे आश्वासन दिले गेले. एका तुकडीचे संपूर्ण स्थित्यंतर पीपीई किटच्या आत झाले, पेशंटला चेहरा न दाखवता.

मुले या व्यवसायात आता बऱ्यापैकी दिसतात. त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. कॅज्युअल्टी आणि आयसीयू त्यांच्या वाट्याला लवकर येतात, लेबर रूमच्या दारात त्यांची पंचाईत होते. दोन वर्षांचा अनुभव झाला की काही जण आखाती देशांची परीक्षा देतात, काही गोव्याला किंवा पुण्याला जातात, काही एम्सच्या सामाईक भरती परीक्षेला बसतात.

नवख्यांना हाताशी धरणारी औपचारिक व्यवस्था मोठ्या रुग्णालयांत असते: ओळख कार्यक्रम, कौशल्य तपासणीची यादी, सोबतीला एक वरिष्ठ. इतरत्र ती एखाद्या इनचार्ज सिस्टरच्या स्वभावावर अवलंबून असते, आणि बरेचदा आयाबाईंवरही. कुठल्या आजीची व्हेन मिळत नाही, कोण रात्री उठून पडते, कोणाच्या उशाखाली तंबाखूची पुडी आहे, हे मावशींना आधी कळते.

या सगळ्याची खरी चाचणी सकाळी आठला, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना होते. रात्रभर जागलेली फ्रेशर खाटेमागून खाट घेत जाते. डोस इंग्रजीत, नातेवाईकांचा निरोप कन्नडमध्ये, आणि सात नंबरच्या आजीपाशी थांबून: ‘मॅडम, चार्टवर मी पेन असं लिहिलंय, पण आजी ठणका म्हणत नाहीत, चमक म्हणतात, आणि ती पाठीतून पायात जाते.’ इनचार्ज पेन काढते आणि डॉक्टरांच्या राउंडच्या वहीत ते वाक्य मराठीतच उतरवून घेते.