अल्प वारंवारतेच्या आरएफआयडी टॅगचे स्मार्टफोनद्वारे वाचन

आरएफआयडी (रेडिओ लहरींद्वारे ओळख पटवण्याचे तंत्र) प्रकारची, सुमारे 125 ते 134.2 किलोहर्ट्झ वारंवारतेवर चालणारी, स्वतःची बॅटरी नसलेली हजेरीची कार्डे, दाराचे टॅग आणि जनावरांच्या त्वचेखालील चिपा फोनच्या साहाय्याने वाचण्याची पद्धत. फोनमधील एनएफसी (अगदी जवळून बिनतारी देवाणघेवाण करण्याची सोय) 13.56 मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे प्रचलित फोन बाह्य रीडरशिवाय हे टॅग वाचू शकत नाही. मेट्रोचे कार्ड त्याच फोनवर वाचले जाते, कारण ते एनएफसीच्याच वारंवारतेचे असते. फास्टॅग मात्र 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या वेगळ्या पट्ट्यात मोडतो.

आरएफआयडी तंत्राच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ हॅरी स्टॉकमन यांच्या परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्यासंबंधीच्या 1948 मधील निबंधापासून सुरुवात करतात. मारिओ कार्डुलो यांना जानेवारी 1973 मध्ये लेखनक्षम स्मृती असलेल्या टॅगचे अमेरिकी पेटंट मिळाले. चार्ल्स वॉल्टन यांचे कार्डाने दार उघडण्याचे पेटंटही त्याच वर्षीचे. अल्प वारंवारतेच्या कार्डापुरते पाहिले तर वॉल्टन यांचा दावा अधिक जवळचा वाटतो. वेटोळ्याजवळ आणलेल्या कार्डातील अनुस्पंदी मंडल (ठरावीक वारंवारतेलाच जोरदार प्रतिसाद देणारे विद्युत मंडल) ओळखणे हे त्यांच्या यंत्रणेचे तत्त्व होते, तर स्टॉकमन यांच्या विवेचनाचा विषय दूरवरून होणारे परावर्तन हा होता.

फोनने हे टॅग थेट वाचण्यातली अडचण सॉफ्टवेअरची नसून वेटोळ्याची आहे. 13.56 मेगाहर्ट्झ ही 125 किलोहर्ट्झच्या सुमारे 108 पट. अनुस्पंदन वारंवारता प्रवर्तकता (इंडक्टन्स) व धारकता (कपॅसिटन्स) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती इतकी खाली आणायची तर हा गुणाकार सुमारे 11,800 पटींनी वाढवावा लागतो. फोनच्या एनएफसी अँटेनाला मोजकेच वेढे असतात; अल्प वारंवारतेच्या रीडरच्या वेटोळ्याला बारीक तारेचे कितीतरी अधिक वेढे लागतात. ‘फक्त ॲप टाका आणि कार्ड वाचा’ अशा जाहिराती म्हणूनच विश्वासार्ह मानता येत नाहीत.

टॅगचा संदेश मात्र संथ असतो. हजेरीच्या कार्डांत सर्रास आढळणारी ईएम4100 चिप वाहक तरंगाच्या (रीडरकडून येणाऱ्या मूळ तरंगाच्या) दर 64 आवर्तनांना एक बिट पाठवते, म्हणजे सेकंदाला सुमारे 1,953 बिट. वाहक तरंग पुरवून त्याचा लिफाफा (तरंगाच्या उंचीतील चढउतार) डायोडने वेगळा काढणारे मंडल बाहेर जोडले, तर उरलेला संकेत श्राव्य पट्ट्यात बसतो आणि फोनच्या मायक्रोफोन मार्गानेही तत्त्वतः नोंदवता येतो. चिपचे घड्याळ वाहक तरंगावरच चालत असल्याने बिटांचा वेगही त्यावरच ठरतो.

एक साम्य लक्षणीय आहे. फोनच्या पाठीत असणारे क्यूआय (बिनतारी) चार्जिंगचे वेटोळे मूळ मानकानुसार साधारण 110 ते 205 किलोहर्ट्झवर चालते आणि चार्जरशी भार बदलून, सेकंदाला 2,000 बिटांच्या वेगाने बोलते. संकेतलेखनाची रीतही जनावरांच्या एफडीएक्स-बी चिपांसारखीच, द्विकला भेदी (डिफरन्शियल बाय-फेज) पद्धतीची आहे. पण हे मंडल वीज घेण्यासाठी रचलेले असते आणि ॲपला त्यावर ताबा मिळत नाही.

प्रत्यक्षात ओटीजी केबलने (फोनला यूएसबी उपकरण जोडणाऱ्या तारेने) जोडलेला यूएसबी रीडर सर्वांत सोयीचा. तो फोनला कीबोर्ड म्हणून भासतो. कार्ड टेकवताच कर्सर असेल तेथे दहा अंक उमटतात. ब्लूटूथचे रीडरही मिळतात. अनेक कार्डांवर क्रमांक छापलेलाच असतो : 0004512345 आणि 068,55897 ही एकाच मूल्याची दोन रूपे आहेत (68 ला 65,536 ने गुणून 55,897 मिळवावेत). अशा वेळी कॅमेराही पुरतो. काही कार्डांत दोन्ही वारंवारतांच्या चिपा असतात. फोन त्यांतली एनएफसी चिप वाचून वेगळाच क्रमांक दाखवतो आणि तो हजेरीच्या यंत्राशी जुळत नाही.

जनावरांसाठी आयएसओ 11784 व 11785 ही मानके 1996 पासून आहेत. चिपचा क्रमांक 15 अंकी असतो; पहिले तीन अंक देशाचे (भारत 356) किंवा 900 पासून पुढे असल्यास उत्पादकाचे. भारतातील गाईम्हशींच्या कानातला पिवळा 12 अंकी बिल्ला हा या वर्गातला नाही. त्यावर बारकोड असतो व तो कॅमेऱ्याने वाचता येतो. कुत्र्या-मांजरांच्या चिपेत मालकाचे नाव वा पत्ता साठवलेला नसतो, त्यामुळे वाचलेला क्रमांक ज्या नोंदवहीत चढवला असेल तेथेच शोधावा लागतो.