त्या पाणबुडीचा राखाडी कोणता?

जूनपासून माझ्या टेबलावर एक पाणबुडी रंगाविना पडून आहे. प्लॅस्टिकचं किट, प्रमाण १:७२, लांबी १ मीटर ६ सेंटिमीटर. जोडकाम झालं, सांधे पुट्टीने बुजवून घासून झाले. शेजारी राखाडी रंगाच्या तीन बाटल्या आहेत. तिन्हींवर जर्मन रंगाचं एकच नाव छापलंय आणि तिन्ही राखाडी वेगवेगळे आहेत. एकाला हिरवट झाक, दुसरा निळसर, तिसरा ओल्या सिमेंटसारखा.

पाणबुडी आहे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन यू-१६८, टाइप ‘नऊ सी/४०’. जुलै १९४३ मध्ये ती फ्रान्सच्या लोरियां बंदरातून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून अरबी समुद्रात आली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईबाहेरच्या समुद्रात ‘हायचिंग’ हे व्यापारी जहाज तिने बुडवलं आणि नोव्हेंबरात मलायातलं पेनांग बंदर गाठलं. या पाणबुड्यांच्या गटाला जर्मनांनी नावच ‘मॉन्सून’ दिलं होतं. मी वास्कोला राहतो. त्याच वर्षी ९ मार्चच्या रात्री आमच्या मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश स्वयंसेवक तुकडीच्या माणसांनी छापा घातला होता. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणजे युद्धात तटस्थ, आणि जर्मन जहाजं १९३९ पासून इथे आसऱ्याला होती. आपल्या दारावरून गेलेली पाणबुडी करायला घेतली, तर तिचा रंग अंदाजपंचे मारायला मन घेत नाही.

रंग अजून लागला नाही याचं पहिलं कारण आमचा पाऊस. लॅकर जातीचा रंग एअरब्रशने मारला की त्यातला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत एवढी वाफ असते की पृष्ठभाग थोडा जरी गार झाला तरी तिथे दव धरतं. ते सूक्ष्म थेंब ओल्या रंगात अडकतात आणि रंगावर दुधी साय येते. राखाडीची छटा ठरवताना अशी साय मध्ये आली की सगळा हिशेब चुकतो. म्हणून चवथ होऊन गेली तरी मी थांबलोय. पण या चार महिन्यांत राखाडी या एका रंगाने मला बरंच शिकवलं.

सुरुवात पोटापासून करतो, कारण तिथे मी पूर्वी चुकलो होतो. माझ्या पहिल्या जर्मन पाणबुडीला मी पाण्याखालचा भाग विटकरी लाल मारला. जून-जुलैतल्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत मालीमला ट्रॉलर वर ओढलेले पाहा, तळाला हा विटकरी रंग हटकून दिसतो. हा लाल शोभेचा नाही. पाण्यातल्या लोखंडावर आणि लाकडावर बार्नॅकल धरतात, ते शिंपल्यासारखे कडक जीव हाताला कापतात. ते धरू नयेत म्हणून रंगात क्युप्रस ऑक्साइड घालतात. त्यातून तांब्याचे आयन हळूहळू पाण्यात सुटतात आणि चिकटायला आलेल्या अळ्या मरतात. क्युप्रस ऑक्साइड स्वतःच लाल असतं, म्हणून जगभरच्या जहाजांची पोटं लाल. पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या तळाचा शेवटचा थर गडद राखाडी असे. वरचा भाग फिकट राखाडी, खालचा गडद राखाडी. जहाज म्हटलं की तळ लाल, या सवयीने माझा हात चालला होता.

लोखंडाला गंजापासून वाचवणारा आतला थर हा आणखी वेगळा लाल. पूर्वी त्यासाठी शिशाचं शेंदरी ऑक्साइड वापरत. मारुतीच्या मूर्तीला परंपरेने लावतात तो शेंदूर हाच. १० डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी फिलिपिन्समधल्या काविते गोदीवर बॉम्ब टाकले. ‘सीलायन’ ही अमेरिकन पाणबुडी पेटली आणि तिच्या आचेने शेजारच्या ‘सीड्रॅगन’चा काळा रंग भाजून निघाला. पुढे समुद्रात तो पोपडे धरून सुटत गेला आणि आतला शेंदूर उघडा पडला. जपानी रेडिओवर मग लाल पाणबुड्यांच्या चाच्यांची बातमी आली, असं सांगतात. त्या काही आठवड्यांतली ‘सीड्रॅगन’ करायची असेल तर नियमावलीतला काळा रंग चुकीचा ठरेल.

आता वरचा भाग राखाडी का, काळा का नाही? त्या काळची पाणबुडी बराचसा वेळ पाण्यावरच असे. खाली बॅटरीवर फार तग धरता येत नसे. जर्मन पाणबुड्या रात्री पाण्यावर राहून हल्ला करत. रात्री बायणाच्या किनाऱ्यावर उभं राहून क्षितिजाकडे पाहा. चंद्र नसला तरी आकाश समुद्रापेक्षा उजळ असतं. त्या उजळ पट्टीवर काळा मनोरा उठून दिसतो, फिकट राखाडी विरून जातो. अंधुक उजेडात डोळा रंगांपेक्षा उजळपणावरच चालतो. डोळ्यातल्या शंकूपेशी ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळट हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतात, अंधारात कामाला येणाऱ्या दंडपेशी ५०७ च्या आसपासच्या निळसर हिरव्याला. त्यामुळे संध्याकाळी लाल जास्वंद आधी काळवंडते आणि तिची पानं बराच वेळ उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपलं होतं.

विमानातून पाण्याखालच्या पाणबुडीकडे पाहिलं तर गणित पुन्हा बदलतं. शुद्ध पाण्यात १० मीटरवर ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जेमतेम ३ टक्के उरतो, ४५० नॅनोमीटरचा निळा ९० टक्क्यांहून जास्त. म्हणून खोल, स्वच्छ समुद्र गडद निळा दिसतो आणि त्यात फिकट राखाडी पाठ उठून दिसते. ब्रिटिशांनी भूमध्य समुद्रातल्या आपल्या काही पाणबुड्या गडद निळ्या रंगवल्या त्या याचमुळे. आमच्या झुवारीच्या मुखाशी मात्र श्रावणात पाणी गढूळ तांबूस असतं. तिथे गाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क निळा प्रकाशच आधी खातात. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथून दोन-चार तास समुद्रात आत गेलं की पाण्याचा रंग बदलताना साध्या डोळ्यांनी दिसतो. एका समुद्रात लपवणारा रंग दुसऱ्यात उघडा पाडतो, आणि यू-१६८ ही उत्तर अटलांटिकच्या राखाडीतून थेट इथल्या उन्हात आली होती.

मग त्या तीन बाटल्यांपैकी खरी कोणती? जर्मन नौदलाच्या रंगांना नावं आणि क्रमांक होते: हेलग्राऊ ५०, डुंकेलग्राऊ ५१, श्लिकग्राऊ ५८. हेलग्राऊ म्हणजे फिका राखाडी, डुंकेलग्राऊ म्हणजे गडद. ‘श्लिक’ म्हणजे भरती-ओहोटीचा गाळ. ओहोटीला खाजनाच्या बांधाखाली उघडा पडणारा चिखल ज्याने पाहिलाय, त्याला या नावात रंग दिसतो. पण नावावरून छटा पक्की होत नाही. जुने रंगाचे नमुने जवसाच्या तेलात घोटलेले असत आणि हे तेल अंधारात पिवळं पडतं. फायलीत ऐंशी वर्षं बंद राहिलेला निळसर राखाडी तुकडा त्यामुळे हिरवट होऊन बाहेर येतो. त्यावरून बाटली बनवली तर ती पिवळ्या पडलेल्या तेलाचीही इमानाने नक्कल करते. माझ्या हिरवट बाटलीबद्दल मला हाच संशय आहे. शिवाय राखाडी कशाचा केला यावरही झाक ठरते. पांढऱ्यात बारीक काजळी घोटली तर तो उघडउघड निळसर होतो.

संग्रहालयं मदत करतात ती आकाराच्या बाबतीत. जर्मनीत लाबोच्या किनाऱ्यावर यू-९९५ आहे, शिकागोत यू-५०५. पण वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्या लोखंडाला पुन्हा पुन्हा रंगवावंच लागतं, त्यामुळे आज दिसतो तो रंग देखभाल करणाऱ्यांचा असतो.

कृष्णधवल फोटोंवर माझा भरवसा यापेक्षा जास्त आहे, मात्र ते वाचायची रीत कळली पाहिजे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, त्यावर शेंदूर काळा येतो आणि आकाश पांढरं. पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग घेते, तरी फिल्टर लावला की तोल जातो. म्हणून मी एका फोटोतला राखाडी दुसऱ्याशी ताडत नाही. त्याच चौकटीत खलाशाची पांढरी टोपी, त्याचा चेहरा आणि दारातली सावली शोधतो, आणि या तिघांत राखाडी कुठे बसतो ते पाहतो. त्यातून उजळपणा बऱ्यापैकी हाती लागतो, झाक नाही. यंत्राने मागाहून रंगवलेले फोटो मी पुरावा म्हणून अजिबात धरत नाही. त्यांतला रंग अंदाजाने भरलेला असतो, आणि तरीही लोक त्यांवरून वाद घालतात.

मॉडेल करणाऱ्यांत एक जुनी चाल आहे: खऱ्या रंगात थोडा पांढरा मिसळायचा, कारण मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली वस्तू आणि मधली हवा रंग फिका करते. मी हे मोजून पाहिलं. १:७२ चं मॉडेल ५० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरी पाणबुडी ३६ मीटरवरून पाहणं. कोश्मीडर या शास्त्रज्ञाचं १९२४ चं सूत्र लावलं तर २० किलोमीटर दृश्यता असताना ३६ मीटर हवेमुळे कॉन्ट्रास्ट एक टक्काही घटत नाही. १:७०० च्या मॉडेलला तेच अंतर ३५० मीटर होतं आणि घट सुमारे साडेसहा टक्के. म्हणजे माझ्या मॉडेलपुरतं हवेचं कारण खोटं आहे.

तरीही पांढरा मिसळावाच लागतो. चवथीआधी घर रंगवणारे पेंटर सांगतात ते इथे लागू पडतं: कार्डावरचा रंग भिंतीवर जास्त उठतो. तोच रंग मोठ्या जागेवर उजळ आणि भडक दिसतो, छोट्या तुकड्यावर दबलेला. ७६ मीटरची पाणबुडी ही भिंत, माझं मॉडेल हे कार्ड. त्यात भर उजेडाची. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, माझ्या खोलीत तीनशेच्या आसपास. उजेड कमी झाला की रंगाचा भरही कमी जाणवतो. काळ्या पाणबुडीलाही हे चुकत नाही. ‘आयएनएस कलवरी’चं मॉडेल बाटलीतल्या शुद्ध काळ्याने रंगवलं की त्यावर सावलीच पडत नाही. तिथे मी कोळशासारखा गडद राखाडी वापरतो.

शेवटचा हिशेब प्रवासाचा. लोरियांहून निघताना लावलेला रंग तीन महिन्यांच्या मीठ-उन्हाने बदललेला असणार. तेलाचा थर उन्हाने झिजला की वरचं रंगद्रव्य भुकटीसारखं सुटं होतं, बोट फिरवलं तर हाताला लागतं. आडव्या पृष्ठभागांवर हे जास्त होतं, उभ्यांवर कमी. लाकडी डेक नव्या फळीसारखा पिवळा कधीच नसे, लाकूड टिकावं म्हणून त्याला काळपट लेप असे. पाणबुडी महिनोन्‌महिने समुद्रात राहिली की पाण्याच्या रेषेशी शेवाळाचा हिरवा पट्टा धरतो. वास्कोच्या खारीवाड्यात धक्क्याला बांधलेल्या बोटींवर हा पट्टा मी नीट पाहून आलोय. त्याची वरची कड सरळ रेषेत नसते, लाटेच्या मापाने वरखाली फाटलेली असते. हिरवाही एकसारखा नसतो, वर वाळून पिवळट, खाली ओला आणि काळपट.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की काम सुरू करणार. निळसर बाटली घेतोय, दहा भागांना दीड भाग पांढरा, त्यात पिवळसर मातकटाचा एक थेंब. प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर तो मारून खिडकीत ठेवला आहे. सकाळी उत्तरेच्या उजेडात आणि रात्री एलईडीखाली, दोन्ही वेळा पाहतोय. कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांचे राखाडी एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. काल रात्री तुकडा थोडा जांभळट वाटला. मातकटाचा आणखी अर्धा थेंब लागेल.