जाती (जीवशास्त्र) : व्याख्येचा पेच

सजीवांच्या वर्गीकरणातील पायाभूत एकक म्हणजे जाती. मात्र सगळ्या सजीवांना लागू पडेल अशी तिची व्याख्या अजून झालेली नाही. मराठीत घोळ शब्दापासूनच सुरू होतो. पाठ्यपुस्तकांत ‘प्रजाती’ ही जातीच्या वरची पायरी असते; वर्तमानपत्रांत ‘बेडकाची नवी प्रजाती’ सापडते तेव्हा ती बहुधा जातीच असते. बाजारात हापूस आणि पायरी या आंब्याच्या दोन ‘जाती’, तर शास्त्राच्या लेखी ते एकाच जातीचे दोन वाण.

कार्ल लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना पद्धतशीर द्विनामे (दोन शब्दांची शास्त्रीय नावे) दिली, तेव्हा जाती अचल मानल्या जात. १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने तो आधारच काढून घेतला. एका जातीतून दुसरी हळूहळू घडत असेल, तर मध्ये रेघ कुठे ओढायची? वाण आणि जाती यांतला फरक डार्विनला सोयीपुरताच वाटे.

आज सर्वाधिक शिकवली जाते ती अर्न्स्ट मायरची १९४२ मधली व्याख्या : निसर्गात ज्यांचा आपसांत संकर होतो किंवा होऊ शकतो आणि इतर गटांशी होत नाही, अशा समूहांची मिळून एक जाती. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. खेचर जवळजवळ नेहमीच वांझ. व्याख्या इथे चपखल बसते, म्हणून तर पुस्तकांत खेचर हटकून भेटते. जीवाणूंना ती लावताच येत नाही. ते दुभंगून वाढतात. जीवाश्मांचे प्रजनन कोण तपासणार?

लांडगा आणि कुत्रा ही जोडी जास्त अवघड. दोघांचीही गुणसूत्रे ७८ आणि पिल्ले प्रजननक्षम. पुण्याजवळच्या माळरानावर दिसलेले वेगळ्या रंगाचे प्राणी संकरित असल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून दिसून आले. कुत्रा ही लांडग्याची उपजाती की स्वतंत्र जाती, यावर आजही एकमत नाही. लांडगा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. त्यामुळे हा वाद नुसता पुस्तकी राहत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण हिवाळ्यात महाराष्ट्रातही येणाऱ्या एका चिमुकल्या हिरवट वटवट्याचे. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्याची वस्ती पसरली आहे. हिमालयातून पश्चिमेकडच्या वाटेने वर जावे तसे त्याचे गाणे थोडे थोडे बदलत जाते. पूर्वेकडून गेले तरी तसेच, पण वेगळ्या ढंगाने. दोन्ही टोके मध्य सायबेरियात भेटतात, तेव्हा एकाचे गाणे दुसऱ्याला ओळखू येत नाही आणि त्यांच्या जोड्या सहसा जमत नाहीत. शेजारी शेजाऱ्याशी जुळतो, टोके जुळत नाहीत. मग जाती एक की दोन? ही साखळी पूर्वी काही ठिकाणी तुटली होती आणि नंतर पुन्हा सांधली, असे पुढच्या जनुकीय अभ्यासातून दिसले. त्याने गुंता सुटला नाही, वाढलाच.

बाह्यरूप, वंशवृक्ष, पर्यावरणातले स्थान अशा निकषांवर वीसहून अधिक व्याख्या सुचवल्या गेल्या आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पक्षीअभ्यासक आपापल्या सोयीची निवडतात, आणि ते गैरही नाही. निकष बदलला की गणती बदलते : जिराफ दीर्घकाळ एकच जाती मानला गेला, २०१६ च्या जनुकीय अभ्यासाने चार जाती सुचवल्या आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्या चारही मान्य केल्या.