स्वरयंत्रातला हेमँजिओमा (मोठ्या माणसांमधला)

स्वरयंत्रात रक्तवाहिन्यांची जी गाठ होते तिला हेमँजिओमा म्हणायची पद्धत आहे. कॅन्सर नाही, पण दुर्मिळ. तान्ह्या बाळांत ती स्वरतंतूंच्या खाली असते, पहिल्या सहा महिन्यांत श्वासाचा त्रास देते आणि पुढे आपोआप विरते. मोठ्यांची गाठ मात्र बहुतेक स्वरतंतूंवर नाहीतर त्यांच्या वरच्या भागात असते, पुरुषांत जास्त दिसते आणि आपली आपण जात नाही.

पहिली नोंद कोणाची यावर एकमत नाही. गाणं शिकवणाऱ्या मान्वेल गार्सियाने १८५४ च्या सुमारास आरशातून स्वतःचंच स्वरयंत्र बघितलं, त्याआधी जिवंत माणसाच्या स्वरयंत्रातली गाठ दिसणं जवळपास अशक्यच होतं. सहसा पहिल्या नोंदीचा मान लंडनचा घशाचा डॉक्टर मोरेल मॅकेन्झी याला देतात, १८७१ मध्ये त्याने स्वरयंत्रातल्या वाढींचे १०० रुग्ण छापले होते. पण तेव्हा भिस्त मुख्यतः डोळ्याने बघण्यावर, आणि रक्त साचलेला साधा पॉलिपसुद्धा (मऊ, लोंबती वाढ) तसाच लालभडक दिसतो, त्यामुळे जुन्या नोंदी जपूनच धराव्यात.

खरा घोळ नावाचा आहे. मुलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्ये पेशी वाढणारे ट्यूमर आणि जन्मापासून चुकीच्या घडलेल्या रक्तवाहिन्या, म्हणजे मालफॉर्मेशन, असे दोन गट वेगळे केले, आणि त्या हिशोबाने मोठ्यांमधला 'कॅव्हर्नस (रक्ताने भरलेल्या पोकळ्यांचा) हेमँजिओमा' बहुतांशी शिरांचं मालफॉर्मेशन ठरतो. हेच मत जास्त पटतं, कारण बाळांच्या गाठीत सापडणारं ग्लट-१ प्रथिन मोठ्यांच्या गाठीत सापडत नाही, आणि २००८ पासून बाळांना लागू पडलेलं प्रोप्रानोलॉल हे औषध इथे सहसा उपयोगी पडत नाही. तरी रिपोर्टवर जुनंच नाव येतं आणि पेशंट नेटवर बाळांची माहिती वाचत बसतो.

आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, कधी थुंकीतून रक्त. दुर्बिणीतून निळसर-जांभळी, मऊ, पिकलेल्या तुतीसारखी गाठ दिसते आणि पेशंटला श्वास रोखून कुंथायला सांगितलं की ती फुगते. अशी गाठ दिसली की ओपीडीत बायोप्सी घेऊ नये, रक्त थांबवणं अवघड जातं आणि तेच रक्त श्वासनलिकेत उतरतं. आधी एमआरआय करावा, त्यातल्या टी-२ प्रकारच्या चित्रांत ती पांढरीशुभ्र उठून दिसते, सीटीत कधी कधी साबुदाण्यासारखे गोल खडेही सापडतात.

त्रास नसेल तर नुसती नजर ठेवतात. नाहीतर लेसर: सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर बारीक वाहिन्याच बंद करू शकतो, म्हणून मोठ्या गाठीला खोल जाणारा एनडी-याग लेसर, आणि स्वरतंतूवरच्या लहान गाठीला ५३२ नॅनोमीटरचा केटीपी लेसर, ज्याचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. ब्लिओमायसिन या औषधाचं इंजेक्शन देऊन गाठ आकसवतात तेही चालतं. भूल देताना नळी गाठीला घासून रक्त सुटू शकतं, म्हणून गाठ नेमकी कुठे आहे हे भूलतज्ज्ञाला आधीच दाखवून ठेवतात आणि मोठी असेल तर श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडायची तयारी टेबलाशेजारीच असते.