पार्श्वभूमी: 'बंगलो' आला कुठून?

'बंगालचा' या अर्थाच्या 'बंगला' या विशेषणावरून इंग्रजी 'बंगलो' घडला, याबद्दल आता वाद उरलेला नाही. खरा प्रश्न हा, की घराला ते नाव ठेवलं कुणी? बंगालमधला शेतकरी आपल्या खोपटाला 'बंगाली घर' कशाला म्हणेल?

१८८६ साली निघालेल्या एका गाजलेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने याची उपपत्ती लावली. युरोपीय लोक बिहारात आणि वरच्या हिंदुस्थानात या घाटाची घरं बांधू लागले, तेव्हा तिथे त्यांना 'बंगला' म्हणू लागले. तेच नाव साहेबांनी उचललं आणि ते उलट बंगालात पोचलं. नाव परक्यांनी दिलं असणार, इथवर हे पटतं. पण त्याचं श्रेय साहेबांच्या घरांना देणं घाईचं आहे. १६७६ सालीच बंगालमधल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदीत कंपनीच्या गलबतांवरच्या इंग्रजांसाठी 'बंगले किंवा खोपटी' उभारण्याचा निर्णय सापडतो. त्याच्याही आधी, शाहजहानच्या काळात, बंगाली झोपडीचं दोन्ही टोकांना खाली झुकलेलं बाकदार छप्पर आग्रा आणि लाहोरच्या किल्ल्यांत पोचलं होतं. बांबू आणि गवताच्या छपराचा तो बाक पावसाचं पाणी झटकन निथळावं म्हणून होता. बादशाही कारागिरांनी तोच दगडात उतरवला. मुघल दरबारी लिखाणात अशा वास्तूला 'बंगला' म्हटलेलं आहे. नामकरण वरच्या हिंदुस्थानातलंच मानायचं, तर ते युरोपीयांच्या आधीचं मानायला हवं.

शब्दाची प्रतिष्ठा मात्र सावकाश वाढली. गच्ची असलेलं विटादगडांचं घर ते 'पक्कं', आणि उतरत्या छपराचं, बहुधा गवताने शाकारलेलं बैठं घर तो बंगला, असा भेद अँग्लो-इंडियन बोलीत बराच काळ होता. उंच जोतं, चहूबाजूंनी व्हरांडा आणि भोवती मोठं आवार, हे छावण्यांमधून रुळलं. हमरस्त्यांवर डाक बंगले आले.

१८७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर, वेस्टगेट आणि बर्चिंग्टनला, सधन इंग्रजांसाठी सुट्टीतले बंगले उठले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या घाटाचा बंगला मध्यमवर्गाचं घर बनला. १९०८पासून तिथे कॅटलॉग पाहून टपालाने घराचं सामान मागवता येई. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये स्वस्त बंगल्यांची रीघ लागली, तेव्हा त्यांना हिणवायला 'बंगलॉइड' हा शब्द निघाला. रस्त्यांच्या कडेने पसरणाऱ्या अशा बांधकामाला आवर घालणारा कायदा १९३५ साली झाला. ब्रिटनमध्ये आजही 'बंगलो' म्हटलं की जिना चढावा न लागणारं बैठं घर, म्हणून उतारवयातली माणसं तो शोधतात.

मराठीत बैठेपणाची अट गळून पडली. वर दोन मजले आणि गच्ची असली तरी तो बंगलाच, लहान असला तर बंगली. इथे अट सुटेपणाची: स्वतंत्र भिंती, चहूबाजूंनी मोकळी जागा. म्हणून पुण्या-नाशिकच्या जाहिरातींतले 'रो बंगलो' आणि 'ट्विन बंगलो' खटकतात. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल, तर मराठीतला बंगल्याचा अर्थ तिथे लागू पडत नाही, आणि दर मात्र त्याच नावावर लावला जातो.