कोअर व्होल्टेज (ओव्हरक्लॉकिंगमधील)

प्रोसेसरच्या गणन करणाऱ्या भागांना मिळणाऱ्या विद्युतदाबास कोअर व्होल्टेज किंवा व्हीकोअर म्हणतात. ओव्हरक्लॉकिंगमध्ये प्रोसेसर निर्धारित वेगापेक्षा जलद चालवला जातो. त्यामुळे ट्रान्झिस्टरला, म्हणजे चिपमधील सूक्ष्म विद्युत स्विचला, चालू-बंद अशी स्थिती बदलण्यास मिळणारा अवधी कमी होतो. व्होल्टेज वाढवल्यास हा बदल लवकर होतो. ते अपुरे पडल्यास गणने चुकतात आणि संगणक अडकतो किंवा अचानक पुन्हा सुरू होतो.

स्थितिबदलात खर्च होणारी शक्ती वेगाच्या समप्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.५ गिगाहर्ट्झवरून ४.८ गिगाहर्ट्झवर जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३० व्होल्ट केले, तर वेग सुमारे ७ टक्के वाढतो, शक्ती मात्र सुमारे २५ टक्के. म्हणून आधी व्होल्टेज वाढवून मग वेग शोधण्याची पद्धत चुकीची ठरते. अतिरिक्त व्होल्टेजने चिपची कायमची झीजही होते. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांत ओव्हरक्लॉकिंग न करताही अशी हानी आढळली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोडद्वारे (प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीद्वारे) व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टपर्यंत मर्यादित केली. आधी झालेली हानी मात्र त्याने भरून येत नाही.

मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूलभूत सेटिंग्जच्या प्रणालीत) व्होल्टेजसाठी फिक्स्ड (स्थिर आकडा), ऑफसेट (मूळ आकड्यात ठरावीक वाढ किंवा घट) व अ‍ॅडॅप्टिव्ह (वेगानुसार बदलणारे) असे पर्याय असतात. ‘ऑटो’वर विसंबणे इष्ट नाही, कारण ओव्हरक्लॉकिंग करताना अनेक मदरबोर्ड गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज देतात. प्रोसेसरवर कामाचा भार येताच व्होल्टेज काहीसे घसरते. ही घसरण बायोसमधील लोड-लाइन कॅलिब्रेशन या सेटिंगने कमी करता येते, परंतु ते तीव्र ठेवल्यास भार उतरताना व्होल्टेज क्षणभर उसळते. त्यामुळे बायोसमध्ये लिहिलेल्या आकड्यापेक्षा भाराखालील मोजमाप महत्त्वाचे. काही मदरबोर्डांवर त्यासाठी मापनबिंदू असतात, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरने तेथील सरासरी व्होल्टेज पाहता येते. क्षणिक उसळी मात्र त्यात दिसत नाही.

पुण्यात ऋतूचाही विचार करावा लागतो. येथे डिसेंबरच्या रात्री गार असतात, तर एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ४० अंश सेल्सियसच्या आसपास जातो. पंख्याचा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही; खोली जितकी तापते, साधारण तितकीच चिपही अधिक तापते आणि गळतीचा प्रवाह (बंद ट्रान्झिस्टरमधूनही वाहणारी वीज) वाढतो. हिवाळ्यात स्थिर वाटलेली मांडणी उन्हाळ्यात याच कारणाने कोसळू शकते. अशा वेळी व्होल्टेज चढवल्यास उष्णता आणखी वाढते. त्याऐवजी वेग १०० ते २०० मेगाहर्ट्झने उतरवून दीर्घ भारचाचणी पुन्हा दुपारच्या वेळी घ्यावी.